गच्चीवरचे विमान आणि नियमांचा जिना

खास प्रतिनिधी, मुंबई

कांदिवलीच्या चारकोप भागातील एका पाच मजली इमारतीच्या गच्चीवर एका वैमानिकाने सहा आसनांचे विमान बांधले, ही बातमी देशभर पोहोचली ती फेब्रुवारी २०१६ मध्ये. वांद्रे-कुर्ला संकुलात भरलेल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात कॅप्टन अमोल यादव यांचे ते विमान लोकांनी डोळ्यांनी पाहिले. गच्चीवरून ते सुटे करून क्रेनने खाली उतरवावे लागले होते. लोकांनी त्यासोबत छायाचित्रे काढली, वृत्तवाहिन्यांनी कौतुक केले आणि मराठी माणसाच्या जिद्दीवर अग्रलेख झाले. ते विमान प्रत्यक्ष आकाशात गेले मात्र ऑगस्ट २०२० मध्ये, धुळ्याच्या विमानतळावर. प्रदर्शनातून धावपट्टीवर येण्यास साडेचार वर्षे लागली.

ही साडेचार वर्षे कुठे गेली, हा या लेखाचा विषय आहे. यादव यांच्या चिकाटीविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. घरी विमान बांधू पाहणाऱ्या माणसासमोर आपल्या देशात कोणता मार्ग आहे, याविषयी फारसे लिहिले गेलेले नाही. हौशी माणसाच्या हट्टापुरता हा प्रश्न मर्यादित असता तर तो सोडून देता आला असता. परंतु ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात वेल्डिंगचे काम करणाऱ्या २४ वर्षांच्या तरुणाचा, स्वतः बांधलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेत असताना पाते तुटून मृत्यू झाला. एकाला मार्ग सापडला, पण त्यासाठी मुख्यमंत्री आणि पंतप्रधान यांच्यापर्यंत विषय जावा लागला. दुसऱ्यापर्यंत मार्ग पोहोचलाच नाही. या दोन घटना एकमेकींशेजारी ठेवल्या की प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते.

घरी विमान बांधणे म्हणजे काय?

'घरी बांधलेले विमान' असे म्हटले की भंगारातून जुळवलेला सांगाडा डोळ्यांसमोर येतो. वस्तुस्थिती तशी नाही. अमेरिकेत अशी सुमारे तीस हजार विमाने नोंदलेली आहेत. १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी विस्कॉन्सिन राज्यात 'एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' स्थापन केली, तेव्हा तो मूठभर हौशी मंडळींचा गट होता. १९७० पासून त्यांचा मेळावा ऑशकॉश येथे भरतो आणि जगभरातील हलक्या विमानांच्या दुनियेची ती जणू पंढरी झाली आहे.

विमान बांधण्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्यात नकाशे मिळतात आणि त्यांवरून सर्व काही स्वतः घडवावे लागते, किंवा आराखडाही स्वतःचाच असतो. यादव यांचे विमान या दुसऱ्या, अधिक अवघड वर्गातले. दुसऱ्या प्रकारात कारखान्यातून संच येतो. पत्रे कापलेले असतात, छिद्रे पाडलेली असतात. तरीही काम थोडके नसते. धातूच्या दोन आसनी विमानात दहा-पंधरा हजार रिव्हेट बसवावे लागतात. प्रत्येक छिद्राची कडा घासून गुळगुळीत करावी लागते, कारण खरबरीत राहिलेल्या कडेपासूनच पुढे पत्र्याला तडा जाऊ लागतो. नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी काम करणाऱ्या माणसाला दीड ते दोन हजार तास, म्हणजे कित्येक वर्षे लागतात.

'नव्वद टक्के काम झाले, आता नव्वद टक्के उरले' असा विनोद बांधणाऱ्यांमध्ये प्रचलित आहे. त्यात पुष्कळ तथ्य आहे. पंख जोडले, इंजिन बसले की पाहणाऱ्याला विमान तयार वाटते. खरे काटेकोर काम तिथून पुढे सुरू होते. तिन्ही चाके वजनकाट्यांवर ठेवून विमानाचा गुरुत्वमध्य काढावा लागतो. तो ठरलेल्या मर्यादेच्या मागे गेला तर वेग मंदावल्यावर नाक खाली आणणे अवघड होते आणि वैमानिकाच्या हाती काही उरत नाही. इंधन केवळ गुरुत्वाकर्षणाने उतरत असेल तर नाक वर केलेल्या स्थितीतही इंजिनच्या कमाल गरजेच्या दीडपट इंधन वाहते की नाही, हे मोजून पाहायचे असते. दांडा डावीकडे झुकवला की पंखांवरील झडपा योग्य दिशेनेच हलतात ना, ही तपासणी बाळबोध वाटते, परंतु उलट जोडलेल्या तारांनी जगात अनेक बळी घेतले आहेत. इतकेच काय, रंगसुद्धा निरुपद्रवी नाही. रंगाचा थर चढला की हलत्या झडपांचा समतोल बदलतो आणि तो पुन्हा साधला नाही, तर वेगात असताना त्या फडफडू लागून क्षणार्धात तुटू शकतात.

म्हणूनच या कामात कौशल्याइतकेच महत्त्व दुसऱ्याच्या नजरेला आहे. स्वतः केलेली चूक स्वतःला दिसत नाही. पंखाचा पत्रा कायमचा बंद करण्यापूर्वी कुणीतरी जाणत्याने आत डोकावून पाहणे, ही या सर्व व्यवस्थेची गुरुकिल्ली आहे.

स्वातंत्र्य आणि त्याची किंमत

अमेरिकेची पद्धत उदार आहे. विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौसेने वा शिकण्यासाठी स्वतः बांधला असेल, तर ते 'एक्स्पेरिमेंटल' वर्गात नोंदवता येते. सरकारी किंवा सरकारने नेमलेला निरीक्षक तयार विमान व कामाच्या नोंदी तपासतो. त्यानंतर साधारणपणे २५ किंवा ४० तास, ठरवून दिलेल्या विरळ वस्तीच्या क्षेत्रात चाचणी उड्डाणे करावी लागतात. या काळात प्रवासी नेता येत नाही. बांधणाऱ्याने आपल्या विमानाच्या देखभालीचा परवानाही मिळवावा, अशी सोय आहे. विमानावर 'प्रायोगिक' असा ठळक शब्द लिहिलेला असतो, म्हणजे आत बसणाऱ्याला आपण कशात बसत आहोत हे ठाऊक असते.

या उदारतेतून काय निघाले? बर्ट रूटान यांनी १९७० च्या दशकात घरी बांधता येतील अशा, उलट्या रचनेच्या फायबरच्या विमानांचे आराखडे विकले. त्याच विचारातून घडलेल्या 'व्हॉयेजर' विमानाने डिसेंबर १९८६ मध्ये कुठेही न थांबता आणि हवेत इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. नऊ दिवसांचा हा पराक्रम बड्या कंपनीच्या नव्हे, तर एका छोट्या गटाच्या नावावर आहे.

मात्र नाण्याची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार घरी बांधलेली विमाने खासगी व हलक्या विमानांच्या ताफ्यात सुमारे १० टक्के होती. २०११ मधील अपघातांत मात्र त्यांचा वाटा सुमारे १५ टक्के आणि प्राणघातक अपघातांत २१ टक्के होता. इंजिन बंद पडणे आणि विमानावरचा ताबा सुटणे ही प्रमुख कारणे होती. विशेष म्हणजे अपघातग्रस्त विमानांपैकी निम्म्याहून अधिक विमाने बांधणाऱ्याकडे नव्हे, तर ती नंतर विकत घेणाऱ्याकडे होती.

गायक जॉन डेन्व्हर यांचा ऑक्टोबर १९९७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ झालेला मृत्यू हे याचे बोलके उदाहरण. त्यांनी रूटान यांच्या आराखड्यावरून दुसऱ्याने बांधलेले विमान विकत घेतले होते. इंधनाची टाकी बदलण्याची कळ मूळ आराखड्यातील जागी न बसवता बांधणाऱ्याने ती वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे नेली होती. ती फिरवण्यासाठी अंग वळवावे लागे आणि त्या प्रयत्नात ताबा सुटला असावा, असा निष्कर्ष तपासातून निघाला. बांधणाऱ्याने एक कळ हलवली आणि तिची किंमत अनेक वर्षांनी दुसऱ्याच माणसाने मोजली. नियमन कशासाठी हवे, याचे याहून स्पष्ट उत्तर मिळणार नाही.

संच कारखान्यातून आला म्हणजे सर्व निर्धोक, असेही नाही. व्हॅन्स एअरक्राफ्ट ही या क्षेत्रातील सर्वांत मोठी कंपनी. तिच्या संचांतून ११ हजारांहून अधिक विमाने उडाली आहेत. लेझरने कापलेल्या भागांच्या छिद्रांपाशी तडे जाऊ लागल्याच्या तक्रारींनंतर आणि इतर आर्थिक ओझ्यांमुळे तिला डिसेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरी संरक्षणाचा आधार घ्यावा लागला. गॅरेजमध्ये अर्धवट विमान घेऊन बसलेल्या ग्राहकांना उरलेल्या संचासाठी वाढीव किंमत मोजावी लागली. पुढल्या वर्षी कंपनी सावरली, परंतु हौसेच्या या जगालाही बाजाराचे नियम चुकलेले नाहीत.

असे असूनही अमेरिकेने दार बंद केले नाही. उलट जुलै २०२५ मध्ये ऑशकॉशच्याच मेळाव्यात हलक्या विमानांसाठी अधिक मोकळी नियमावली जाहीर झाली. वैमानिकांविषयीचा तिचा भाग ऑक्टोबर २०२५ मध्ये लागू झाला, तर विमानांच्या प्रमाणीकरणाच्या भागासाठी जुलै २०२६ ही मुदत ठरवण्यात आली. अपघातांचा अभ्यास करायचा, दोष शोधायचे आणि नियम सुधारायचे, हा तिथला मार्ग आहे.

ब्रिटनचा मार्ग आपल्याला अधिक जवळचा ठरावा. तिथे १९४६ मध्ये सुरू झालेल्या संघटनेकडे, जी आज लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन म्हणून ओळखली जाते, सरकारी नियामकाने हे काम सोपवले आहे. तिचे निरीक्षक टप्प्याटप्प्याने येऊन काम पाहतात व सही करतात. आराखड्यातील बदलांना संघटनेचे अभियंते मान्यता देतात. मूळ केरळच्या आणि ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या एका इंजिनिअरने टाळेबंदीच्या काळात दक्षिण आफ्रिकी बनावटीचा चार आसनी संच घेऊन सुमारे दीड वर्षात विमान उभे केले आणि कुटुंबासह युरोपभर भ्रमंती केली, ही बातमी २०२२ मध्ये आपल्याकडील वृत्तपत्रांनीही कौतुकाने छापली. तयार संच आणि स्वतःचा आराखडा यांची थेट तुलना करणे अन्यायाचे होईल, हे मान्य. तरीही दीड वर्षात तो माणूस उडू शकला याचे श्रेय त्याच्या हातांइतकेच तिथल्या व्यवस्थेलाही आहे.

चारकोप ते धुळे

आता आपल्याकडे पाहू. अमोल यादव हे व्यवसायाने वैमानिक. अमेरिकेत प्रशिक्षण घेत असताना त्यांनी तिथली हलक्या विमानांची संस्कृती जवळून पाहिली होती. गच्चीवरचे विमान हा त्यांचा तिसरा प्रयत्न. आधीचे दोन तडीस गेले नव्हते. विमान प्रदर्शनात मांडल्यानंतर नागरी उड्डाण महासंचालनालयाकडे म्हणजेच डीजीसीएकडे त्याची नोंदणी झाली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये. नोंदणीची अक्षरे 'व्हीटी-एनएमडी' अशी निवडण्यात आली, नरेंद्र मोदी व देवेंद्र फडणवीस यांच्या नावांवरून. हे विमान बांधणाऱ्याने व्यक्त केलेले ऋण होते आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु एका नागरिकाच्या यंत्राची नोंद होण्यासाठी राज्याच्या आणि देशाच्या प्रमुखांचे आभार मानावे लागतात, ही गोष्ट व्यवस्थेविषयी काय सांगते?

नोंदणीनंतर उड्डाणाची परवानगी मिळेपर्यंत ऑक्टोबर २०१९ उजाडले. दरम्यान फेब्रुवारी २०१८ मध्ये राज्य सरकारने यादव यांच्या कंपनीशी विमाननिर्मितीसाठी ३५ हजार कोटी रुपयांचा सामंजस्य करार केला. पालघर जिल्ह्यातील जमिनीची चर्चा झाली. त्या दिवसापर्यंत विमान एकदाही उडाले नव्हते. हा क्रमच उलटा होता. आधी चाचणी, मग प्रमाणपत्र, मग कारखाना, असा जगाचा शिरस्ता आहे. आपण आधी करार केला, मग परवानगी दिली आणि शेवटी उड्डाण पाहिले. सामंजस्य करार म्हणजे कारखाना नव्हे, हे महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची गरज नाही.

डीजीसीएची बाजूही समजून घ्यायला हवी. ज्या विमानाचा आराखडाच नवा आहे, त्याची जबाबदारी घेताना अधिकारी कचरतो, यात नवल नाही. सही केली आणि विमान वस्तीवर कोसळले तर चौकशी त्याचीच होते. सही न केल्याबद्दल मात्र कुणाची चौकशी होत नाही. त्यात मनुष्यबळाची चणचण. महासंचालनालयातील मंजूर पदांपैकी जवळपास निम्मी रिकामी असल्याकडे संसदीय समितीने २०२५ मध्ये लक्ष वेधले. त्याच वर्षी १२ जून रोजी अहमदाबादेत झालेल्या भीषण विमान अपघातात २६० जणांचे प्राण गेले. अशा स्थितीत नियामकाचे सारे लक्ष प्रवासी विमानांकडे असावे, हे योग्यच आहे. पण म्हणूनच हलक्या विमानांचे काम त्याच्या टेबलावरून उचलून दुसऱ्या जबाबदार हातांत देण्याचा विचार व्हायला हवा.

ड्रोनला जमले, विमानाला का नाही?

हे अशक्य आहे का? अजिबात नाही, कारण याच नागरी उड्डाण मंत्रालयाने ते एकदा करून दाखवले आहे. मार्च २०२१ मध्ये ड्रोनविषयीचे किचकट नियम आले. त्यांवर टीका झाली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये ते रद्द करून नवी नियमावली लागू करण्यात आली. अर्जांचे नमुने २५ वरून ५ वर आले, शुल्काचे प्रकार ७२ वरून ४ वर. अवघ्या पाच महिन्यांत हे घडले. शेतीला फवारणी आणि देशाला उद्योग दिसला, तेव्हा फायली वेगाने हलल्या. माणूस बसलेले यंत्र आणि मानवरहित यंत्र यांतील जोखीम सारखी नाही, हे खरे. परंतु मुद्दा सवलतीचा नसून स्पष्टतेचा आहे. कोणत्या टप्प्यावर कोण तपासणार, किती दिवसांत उत्तर देणार आणि नकार दिला तर कारण काय सांगणार, एवढे जरी लिखित असले तरी अर्धी वाट सोपी होते.

त्यासाठी संधीही चालून आली आहे. १९३४ चा विमान कायदा जाऊन 'भारतीय वायुयान अधिनियम, २०२४' हा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. निर्मितीबरोबरच विमानाच्या आराखड्याचा म्हणजे डिझाइनचा उल्लेखही त्यात स्पष्टपणे आला आहे. आराखड्याचे नियमन करायचे, तर आराखडा करणारी माणसे देशात असायला हवीत. ती आकाशातून पडत नाहीत. मराठी अभियंते डॉ. वि. मा. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली घडलेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये बंगळुरूत उडाले. बंगळुरूच्याच राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेचे 'हंसा' १९९३ मध्ये उडाले आणि त्याची सुधारित आवृत्ती २०२१ मध्ये. हलक्या विमानांच्या बाबतीत आपला वेग असा मंद आहे. पंख हाताने घडवणारे काही शे लोक देशात असते तर हा वेग असाच राहिला असता का?

या संदर्भात मुंबईला आणखी एक आठवण सतावते. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवले, असे अनेकजण अभिमानाने सांगतात. त्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. त्यांच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या 'वैमानिक शास्त्रा'तील विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ मध्येच मांडला होता. तरीही २०१५ मध्ये मुंबईतील विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर व्याख्यान झाले आणि वाद उसळला. पुराव्याविना सांगितलेल्या विमानाला व्यासपीठ मिळते आणि धातूचे, मोजता येणारे, तपासता येणारे विमान परवानगीची वाट पाहत उभे राहते, हा विरोधाभास आपल्याच शहराने एका वर्षाच्या अंतराने पाहिला.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, ब्रिटनच्या धर्तीवर निरीक्षणाचे काम मान्यताप्राप्त संस्थेकडे सोपवणे. निवृत्त हवाई दल तंत्रज्ञ, विमान कंपन्यांचे देखभाल अभियंते आणि वैमानिकी शिकवणारी महाविद्यालये यांची आपल्याकडे वानवा नाही. डीजीसीएने निकष ठरवावेत आणि अंतिम शिक्का आपल्याकडे ठेवावा.

दुसरी गोष्ट, चाचणीची जागा. महाराष्ट्रात धुळे, लातूर, धाराशिव, यवतमाळ, कराड अशा ठिकाणी धावपट्ट्या आहेत. त्यांपैकी विरळ वस्तीलगतची एखादी धावपट्टी आठवड्यातील ठराविक वेळी प्रायोगिक उड्डाणांसाठी राखून ठेवणे राज्य सरकारला कठीण नाही. अग्निशमन आणि रुग्णवाहिकेची सोय तिथे हवीच. इंधनाचा प्रश्नही थोडा हलका झाला आहे. हलक्या विमानांच्या पिस्टन इंजिनांना लागणारे एव्हीगॅस पूर्वी आयात करावे लागे. सप्टेंबर २०२२ पासून इंडियन ऑइलने ते देशात बनवण्यास सुरुवात केली.

तिसरी आणि सर्वांत निकडीची गोष्ट, खेड्यातील तरुणांसाठी पहिली पायरी. यवतमाळच्या त्या तरुणाला वेल्डिंग येत होते, धाडसही होते. फिरत्या पात्यावर किती ताण येतो याचे गणित सांगणारा आणि चाचणीच्या दिवशी 'आज नको' असे म्हणणारा जाणता माणूस अशा मुलांच्या शेजारी असायला हवा. जिल्ह्याच्या तंत्रनिकेतनात असे एक दार उघडले, जिथे आपला सांगाडा घेऊन जाता येते आणि कुणी हसत नाही किंवा पोलिसांना बोलावत नाही, तर पुढचा जीव वाचू शकेल. बंदीने हे होणार नाही. बंदी घातली की चाचणी रात्रीच्या अंधारात होते.

विमानाच्या पंखात डोकावून पाहणारा निरीक्षक आणि फाईल अडवून ठेवणारा कारकून यांत फरक आहे. पहिला वैमानिकाचे प्राण वाचवतो, दुसरा त्याची वर्षे खातो. आपल्याकडे पहिल्याची उणीव आहे आणि दुसऱ्यालाच आपण सुरक्षिततेचे नाव दिले आहे. चारकोपच्या गच्चीवरून विमान उतरवायला एक क्रेन पुरली होती. नियमांच्या जिन्यावरून ते धावपट्टीवर न्यायला साडेचार वर्षे लागली. पुढच्या विमानाला किती लागतील, याचे उत्तर आता बांधणाऱ्याने नव्हे, सरकारने द्यायचे आहे.